पन्हाळा-पावनखिंड केली म्हणजे थोरोंग ला जमला असं नसतंय

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकवर लेख आलाय तो वाचला. फोटो एकच नंबर, त्यात वाद नाही. पण ज्या एका दिवसासाठी माणूस पाठीवर सॅक घेऊन एवढं चालत जातो तो थोरोंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडायचा दिवस लेखात दीड ओळीत संपलाय, पहाटे निघालो, बर्फाचा आनंद घेतला, खिंड पार केली, झालं. वर आणि सल्ला की पन्हाळा-पावनखिंड करणाऱ्या कोल्हापूरकराला हे सहज जमण्यासारखं आहे. ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

पावनखिंड आम्ही पण करतो, जुलैतला पाऊस, गुडघाभर चिखल, मसाईच्या पठारावरचं धुकं, पाय बोलायला लागतात सगळं खरं, पण तिथं श्वासाला हवा पूर्ण मिळते की ओ. पन्हाळा उंचीला हजार मीटर सुद्धा भरत नाही आणि थोरोंग ला आहे ५४१६ मीटर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन पण निम्म्याच्या आसपास. तिथं रग उपयोगाची नाही. आमच्या ग्रुपमध्ये रोज तालमीत जोर-बैठका मारणारा पोरगा हाय कॅम्पला, म्हणजे खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामाला, डोकं धरून पडून होता आणि साठीतल्या एक काकू निवांत भात-डाळ खात बसलेल्या, कारण फिटनेस आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शरीराला वेळ द्यावाच लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांत एकदा तिथंच थांबायचं, म्हणूनच वाटेतल्या मनांग गावाला (३५४० मीटर) लोक एक जादा मुक्काम करतात. तोच मुक्काम सुट्ट्या कमी पडतात म्हणून आपली मंडळी पहिला उडवतात! उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी असते, ती डॉक्टरला विचारून घ्यावी, पण गोळी आहे म्हणून मुक्काम गाळायचा हे काय खरं नाही. आपल्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट केलं तेव्हापासून इथली पोरं हिमालय हिमालय करायला लागलीत, चांगलंच आहे, पण एव्हरेस्टवाले सुद्धा बेस कॅम्पला जाऊन आठवडेच्या आठवडे वर-खाली करत असतात ते कोण बघत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो, एप्रिलमध्ये आम्ही गेलेलो तेव्हा बर्फ भरपूर होता. पहाटे तीनला उठायचं म्हणजे झोप लागलेलीच नसते, त्या उंचीवर झोप तशी पण तुटक येते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरच्या बाजूनं गोठतंय, बाटली उलटी असली तर झाकणाजवळचं पाणी तरी पातळ राहतं. ज्यांच्याकडं नळीवाली पिशवी होती त्यांची नळी पहिल्या अर्ध्या तासात गोठून बंद, मग सॅक उतरवा, हातमोजे काढा, बोटं बधिर, सगळा खेळ. मोबाईल आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपायचं नाहीतर सकाळी सगळं डिस्चार्ज. घरनं नेलेला गूळ एवढा कडक झालेला की दाताला लावायची भीती, गालात धरून चघळत चाललो.

एवढ्या लवकर का निघायचं हे लेखात यायला पाहिजे होतं, मुद्द्याची गोष्ट तीच आहे. रात्रीच्या थंडीनं बर्फ टणक झालेला असतो, त्यावर बुटांना मायक्रोस्पाइक (लोखंडी दाते) लावून चाललं की पाय वरच राहतो. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत. दुसरं म्हणजे वारा, खिंडीत उन्हं वर आली की वारा सुटतो तो असा की बोलता येत नाही. म्हणजे हा दिवस घड्याळावर चालतो, आणि आपल्या लोकांचं निघायचं असतंय "चहा होऊ दे मग बघू" असं! वर पोचल्यावर पताकांजवळ फोटोला अर्धा तास, मग रील, मग परत ग्रुप फोटो.

आणि वर पोचलं म्हणजे संपलं असं पण नाही, पलीकडं मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरच्या आसपास उतार आहे, तो सुद्धा तापलेल्या बर्फातनं, दमलेल्या गुडघ्यांवर. माझ्या मते चढण्यापेक्षा तेच अवघड. ढग आलेत म्हणून एकानं गॉगल काढून खिशात टाकला होता, ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ढगात सुद्धा सुटका नाही, संध्याकाळी मुक्तिनाथला त्याचे डोळे वाळू गेल्यागत खुपायला लागले आणि १०८ धारांचं दर्शन त्याला दुसऱ्याचा हात धरून घ्यावं लागलं.

हे घाबरवायला लिहीत नाही. १४ ऑक्टोबर २०१४ ला याच खिंडीत हुदहुद वादळाचा शिल्लक जोर बर्फ होऊन पडला, त्या भागात मिळून चाळीसच्या वर माणसं गेली, आणि तो ट्रेकचा ऐन सीझन होता. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालला २२ जणांच्या ग्रुपमधले शेजारच्या कर्नाटकातले नऊ जण बर्फाच्या वादळात गेले, ती बातमी तुम्हीही छापली असेल. मग पुरवणीत तोच हिमालय "सहज जमण्यासारखा" कसा होतो?

माझं म्हणणं एवढंच की असा लेख छापताना त्यात प्रत्येक मुक्कामाची उंची, जादा दिवस कुठं ठेवला, खिंडीच्या दिवशी किती वाजता निघाले आणि किती वाजेपर्यंत वर नाही पोचलं तर मागं फिरायचं ठरलेलं, हे लेखकाकडनं लिहून घ्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय तर पुढं चढायचं नाही, आणि सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी कुणालातरी सोबत देऊन खाली उतरवायचं, हे पण चौकटीत छापा.

आणखी एक. आमचा तो तालमीतला पोरगा हाय कॅम्पवरनं गाईडच्या भावाबरोबर खाली गेला, दुपारपर्यंत ठणठणीत झाला. कोल्हापुरात आल्यावर ग्रुपवर त्याची जी टर उडवली ती अजून चालू आहे, कोल्हापूरची इज्जत घालवली म्हणे. एखादा लेख अशा परत फिरलेल्याकडनं पण लिहून घ्या की, जिंकून आलेल्यांचे तर दर आठवड्याला येतातच. उन्हाळी पॅकेजच्या जाहिराती आता सुरू होतील, त्याच्या आधी छापलात तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर