ड्युटी संपली तरी कान घरी येत नाहीत

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा मिळालं. नाईट करून घरी आल्यावर डोळा लागतो न लागतो तोच मॉनिटर वाजल्याचा भास होतो, दचकून उठतेस आणि मग छताकडे बघत पडून राहतेस, हे वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. शेवटी तू विचारलंयस की हॉस्पिटलमध्ये नर्सेससाठी ध्वनिध्यानाचं, म्हणजे भांड्यांचे सूर ऐकत करायच्या ध्यानाचं, सत्र ठेवताहेत, जाऊ की नको, त्यात काही तथ्य आहे की नुसतंच फॅड? जा, असंच मी म्हणेन. पण कशासाठी जायचं आणि जाताना काय मागून घ्यायचं, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी लागोपाठ चार नाईट झाल्या होत्या. त्यानंतरच्या दुपारी मी झोपलेली असताना वॉशिंग मशिनचे कपडे झाले आणि ते वाजलं. तीन बीप. मी उठले, अनवाणी पुढच्या खोलीत गेले आणि भिंतीवरून हात फिरवत अलार्म बंद करायचं बटण शोधू लागले. मुलीने विचारलं, "आई, काय हरवलंय?" तेव्हा कुठे भानावर आले. छाती धडधडत होती, तळवे ओले झाले होते. त्या दिवशी मला स्वतःची खरीच भीती वाटली.

त्या तीन बीपचं कारण नंतर कळलं. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठी २००६ सालचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन ठोके म्हणजे मध्यम तातडी आणि दहा ठोके म्हणजे हातातलं टाकून धाव. हे आपल्याला कुणी पाटीवर लिहून शिकवलं नाही, तरी आपल्या कानांना ते पाठ आहे. ओव्हर घेताना, म्हणजे ड्युटी ताब्यात घेताना, एका कानाने आधीच्या सिस्टरचं बोलणं ऐकायचं आणि दुसऱ्याने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटर, पलीकडच्या बेडवरचा खोकला. त्यातले बहुसंख्य अलार्म खोटे, म्हणजे मॉनिटरची वायर (लीड) सुटली, पेशंट कुशीवर वळला, बोटाचा प्रोब निघाला. पण खोटा कुठला आणि खरा कुठला हे उठून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी उठायचंच. दिवसभर आवाज म्हणजे हुकूम. मग घरी आल्यावर कानांनी एकाएकी विसावा घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे गं.

आणि आवाज तरी किती! जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं होतं की वॉर्डातल्या खोलीत सरासरी आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. जिथे जिथे मोजलाय तिथल्या बहुतेक आयसीयूंमध्ये तो ५० च्या पुढेच निघतो. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे हा फरक वीसचा दिसला तरी शंभरपटीचा आहे. आपल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की विनाकारण केलेला आवाज म्हणजे निष्काळजीपणाची सगळ्यात क्रूर तऱ्हा, आजाऱ्यासाठीही आणि धडधाकट माणसासाठीही. शिकताना आपण फक्त आजाऱ्याचं पाठ केलं. त्या वाक्यात आपणही होतो.

आता सत्राचं. आमच्याकडे ते ट्रेनिंगच्या खोलीत झालं. मी मागे दाराजवळ बसले, हाक आली तर पटकन निघता यावं म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी काशाचं मोठं वाडग्यासारखं भांडं, ज्याला सिंगिंग बोल म्हणतात, ते हातावर ठेवलं, कापड गुंडाळलेल्या दांड्याने एकदाच ठोकलं आणि म्हणाल्या, "आवाज पूर्ण विरला असं वाटेल तेव्हा एक बोट उचला. घाई नको." एवढंच. मी डोळे मिटले नाहीत, मिटवेनातच. आवाज आधी खोलीभर झाला, मग त्यात लाटा उठल्यासारखं वर-खाली होऊ लागलं. ते भांडं सगळीकडून अगदी सारखं कधीच नसतं, त्यामुळे जवळजवळच्या दोन कंपनांचे सूर एकत्र निघतात आणि एकमेकांत मिसळून असे हेलकावे देतात. मग ते हेलकावे बारीक झाले, धाग्याएवढे. आता संपला म्हणेपर्यंत अजून होताच. बोट उचललं तेव्हा मला एकदम जाणवलं की कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी एक आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि त्यासाठी मला काहीही करावं लागलं नाही. उठायचं नव्हतं, बटण दाबायचं नव्हतं, कुणाला कळवायचं नव्हतं. माझ्या शेजारची सिस्टर रडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, ते फार बरं केलं.

माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे. आपल्याला शांतता हवी असं लोक म्हणतात, पण नाईटनंतरच्या शांततेत तर आपण अलार्मची वाटच बघत असतो. कानांना आधी एखादा निरुपद्रवी आवाज द्यावा लागतो, त्याचा हात धरून मग शांततेत उतरता येतं. इटलीतल्या एका गटाने २००६ मध्ये चोवीस जणांना वेगवेगळं संगीत ऐकवून नाडी आणि रक्तदाब मोजला होता. सगळ्यात जास्त आराम दिसला तो संगीत चालू असताना नव्हे, मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. म्हणून तुमच्या सत्रात कुणी एकामागून एक भांडी वाजवतच राहिलं तर सांग त्यांना, मध्ये जागा सोडा म्हणून.

सिंगिंग बोलवर २०१७ मध्ये झालेला एक अभ्यास लोक फार सांगतात. त्यात बासष्ट जण होते, सत्रानंतर त्यांचा ताण, चिडचिड, थकवा कमी झाल्याचं दिसलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसतं तासभर आडवं पडूनही तेवढंच झालं असतं का, हे त्यातून ठरत नाही. आणि अमुक हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात वगैरे कुणी सांगू लागलं तर तेवढं सोडून दे. त्याला आधार नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

मला रोजच्या रोज उपयोगी पडते ती मात्र साधी भ्रामरी. ओठ मिटून, श्वास सोडताना "म्" लांबवत गुणगुणायचं. श्वास सोडणं लांबलं की व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे हृदयाला सावकाश चालवणाऱ्या मज्जातंतूमुळे, ठोके मंदावतात, हे तू शिकलीच आहेस. शिवाय २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासापेक्षा सुमारे पंधरापट असतं. त्याने मनाला काय होतं हा वेगळा प्रश्न, पण गुणगुणणं म्हणजे नुसता मनाचा खेळ नाही, एवढं त्यातून कळतं. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की तो आवाज माझी मी काढते आणि माझी मी थांबवते. चेंजिंग रूममध्ये बूट काढायच्या आधी बाकावर बसते, दोन्ही हात छातीवर ठेवते म्हणजे कंप हाताला लागतो. सहा वेळा. मग तेवढाच वेळ गप्प. पहिल्या आठवड्यात काहीच वाटलं नाही, नुसतं अवघडल्यासारखं झालं. नंतर घरी पोचेपर्यंत खांदे खाली आलेले असतात, एवढा फरक मी नक्की सांगू शकते.

आता मागून काय घ्यायचं ते. सत्र ड्युटीच्या वेळेत हवं आणि तेवढा वेळ तुमचे पेशंट बघायला दुसरं कुणी हवं, नाहीतर अर्धा कान वॉर्डातच राहील. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर स्पष्ट नाही म्हण. सक्ती नको, डोळे मिटण्याचीही नको. ज्यांच्या कानात सतत आवाज येतो किंवा ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना भांड्यापासून लांब बसू द्यावं. बारीक, चिरका सूर आपल्या अलार्मच्या फार जवळ जातो, म्हणून मोठं, खर्जातलं भांडं वापरा म्हणून सांग. मला पहिल्यांदा त्यांनी लहान वाजवलं तेव्हा अंगावर काटाच आला होता.

आणि सखे, इन्चार्ज म्हणून तुला एक गोष्ट ठामपणे बोलावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था अशी. आजार म्हणून नव्हे. म्हणजे मूळ कामाच्या जागी आहे. एका सिस्टरकडे किती पेशंट, लागोपाठ किती नाईट, अलार्मच्या मर्यादा, म्हणजे कुठल्या आकड्याला तो वाजायचा ते, प्रत्येक पेशंटप्रमाणे बदलून घेतल्या आहेत की नाही, हे प्रश्न सत्र झालं म्हणून मिटले असं कुणी म्हणू नये. अलार्मचं तर तुझ्याच हातात आहे. डॉक्टरांशी बोलून मर्यादा ठरवून घ्या, पेशंटच्या छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदला, खोटे अलार्म आपोआप कमी होतील. माझ्या लेखी तेही ध्वनिध्यानच.

सत्र झालं की लगेच लिही. तुझं बोट सगळ्यात शेवटी वर जाईल असं मला वाटतंय. आणि आज नाईटहून परतशील तेव्हा बूट काढायच्या आधी सहा वेळा गुणगुणून बघ, मग गप्प बसून काय काय ऐकू येतं ते मला कळव. मला काल पाण्याच्या नळाचे थेंब ऐकू आले आणि मी उठले नाही.

तुझीच,
जुनी रूममेट