नव्या कोळंबीला वीस मिनिटे पुरत नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयांवर लेख आला, हे चांगले झाले. झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय बहुतेक रत्नागिरीकरांनी पाहिलेले असते. आता तसल्या लहान टाक्या घरांतूनही दिसू लागल्या आहेत. पण लेखातला एक सल्ला दुरुस्त व्हायला हवा. नवी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी आणि मग प्राणी सोडून द्यावा, असे त्यात म्हटले आहे. गप्पी, मॉलीला ते चालून जाते. क्लीनर कोळंबी (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी सागरी कोळंबी) त्याने मरते, आणि तीही लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यामुळे दोष टाकीच्या पाण्याला दिला जातो आणि पुढच्या खेपेला तेच पुन्हा होते.

वीस मिनिटांत फक्त तापमान जुळते. खरा फरक क्षारतेचा असतो. बरेच विक्रेते माशांच्या टाक्या मुद्दाम कमी क्षारतेवर, म्हणजे १.०१८ ते १.०२० विशिष्ट गुरुत्वावर ठेवतात. त्याने परजीवी आटोक्यात राहतात आणि मीठही कमी लागते. प्रवाळाच्या घरच्या टाकीत मात्र १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) क्षारता लागते. १.०२० म्हणजे साधारण २७ पीपीटी. हा ८ अंकांचा फरक मासा सोसतो, कारण त्याच्या रक्तातले क्षार बाहेरच्या पाण्यावर अवलंबून नसतात. कल्ले आणि मूत्रपिंडे ते सांभाळतात. खडकाळ प्रवाळभागात राहणाऱ्या कोळंबीला हे फारसे जमत नाही आणि प्रवाळाला तर मुळीच नाही. पाण्याची क्षारता एकदम चढली की त्यांच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. आपल्याकडे गैरसमज होतो तो खाडीतल्या सुंगटांमुळे. ती भरती-ओहोटीबरोबर बदलणाऱ्या पाण्यातच वाढतात, म्हणून काटक असतात. तो काटकपणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लीनर कोळंबीत शोधू नये.

म्हणून पिशवी उघडल्यावर पहिले काम म्हणजे तिच्यातल्या पाण्याची क्षारता मोजणे. त्यासाठी समुद्राच्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारे उपकरण) घ्यावा आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. आरओच्या पाण्यावर शून्य दाखवणारे उपकरण ३५ वर चुकीचे असू शकते. काटा हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर विसंबू नये; काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्याहून जास्त दिसते. आंब्याच्या कॅनिंगवाल्यांकडे असतो तो ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटरही मागून आणू नये. त्याची पट्टी साखरेची असते.

आता प्रत्यक्ष कृती. खोलीतले आणि टाकीचे दिवे बंद करावेत. बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगू द्यावी. मग कोळंबी पाण्यासकट स्वच्छ, साबण न लागलेल्या डब्यात ओतावी आणि कोळंबी बुडेल इतकेच, साधारण ३०० मिली पाणी ठेवावे. टाकीतले पाणी थेंबथेंब सोडायला औषधाच्या दुकानात मिळणारा नवा सलाइनचा सेट सगळ्यात सोयीचा. त्याला चाक असते आणि साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे घड्याळ लावून मोजता येते. सुई काढून टाकावी, वरचे टोक टाकीत बुडवावे, खालून ओढून नळी भरून घ्यावी.

मिनिटाला १०० थेंब सोडले की ५ मिली होतात. तासाभरात ३०० मिलीचे ६०० मिली होईल आणि क्षारता २७ वरून ३१ वर येईल. निम्मे पाणी फेकावे, वेग दुप्पट करावा. अर्ध्या तासात पुन्हा ६०० मिली होते आणि क्षारता ३३ वर जाते. तसेच आणखी एकदा केले की ३४. एवढ्यावर सोडायला हरकत नाही. वेग नंतर वाढवता येतो, कारण मोठी उडी पहिल्या तासातच होऊन गेलेली असते. घाई नेमकी तिथेच केली जाते. फरक २-३ अंकांचाच असेल तर पाऊण तास पुरतो, आणि फरकच नसेल तर तापमान जुळल्यावर थेंबांचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी इथे सुटतात. ३०० मिली पाणी खोलीच्या तापमानाला फार लवकर येते. मे महिन्यात खोलीत ३३ अंश आणि टाकीत २६ असेल, तर डबा टाकीत किंवा खालच्या संपमध्ये (गाळणीच्या टाकीत) तरंगतच ठेवावा. शिवाय या सगळ्यात टाकीतून ९०० मिली खारे पाणी निघते. ते तयार खाऱ्या पाण्यानेच भरावे. आपोआप पाणी भरणारे यंत्र चालू असेल तर ते तेवढे गोडे पाणी ओतून मोकळे होते.

वरची रीत दोन-चार तासांच्या पिशवीसाठी आहे. मुंबईहून रात्रीच्या बसने किंवा कोकण रेल्वेने आलेली पिशवी दहा-बारा तासांची असते, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. तिथे तीच रीत घातक ठरते. बंद पिशवीत प्राण्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकते. त्याच वेळी प्राण्याने बाहेर टाकलेला अमोनिया वाढत असतो, पण कमी पीएचमुळे तो बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते. अशा पाण्यात कोळंबीला दोन तास थेंब मोजत ठेवणे म्हणजे आपल्या हाताने विष देणे, आणि डब्यात हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडला तर ते आणखी लवकर.

अशा वेळी आदल्या दिवशी विक्रेत्याला फोन करून त्याच्या टाकीची क्षारता विचारावी. तेवढ्याच क्षारतेचे पाणी स्पंजचा फिल्टर लावलेल्या वेगळ्या लहान टाकीत तयार ठेवावे. तो स्पंज मुख्य टाकीत निदान महिनाभर मुरलेला हवा, नाहीतर तिथेही अमोनिया साठतो. पिशवीचे तापमान जुळले की ती उघडून कोळंबी लगेच या टाकीत हलवावी. पुढच्या चार दिवसांत रोज थोडे पाणी बदलून क्षारता २-२ पीपीटीने चढवत न्यावी. हे जमणारच नसेल तर पिशवी उघडताक्षणी तिच्यात सीकेम प्राइमसारखे अमोनिया बांधणारे द्रव बाटलीवरच्या प्रमाणात घालावे आणि मगच थेंब सुरू करावेत. ही दुय्यम सोय आहे.

सोडताना जाळी वापरू नये. मिशा आणि पाय जाळीत अडकून तुटतात. कपात घेऊन, पिशवीचे पाणी शक्य तितके गाळून, खडकाच्या कपारीजवळ सोडावे. पिशवीचे पाणी टाकीत कधीही जाऊ देऊ नये. पहिल्या दिवशी दिवा नको, खाणे नको. कोळंबी आडवी पडून थरथरू लागली आणि तिचे पारदर्शक अंग दुधी दिसू लागले, तर क्षारतेचा धक्का बसला आहे असे समजावे. त्यावर औषध नाही. एक-दोन दिवसांत तळाशी मिशांसकट अख्खी पांढरी पोकळ कोळंबी दिसली तर मात्र घाबरू नये. ती बहुधा टाकलेली कात असते. नवे कवच घट्ट होईपर्यंत कोळंबी दडून बसते, तिला खडक उलथून शोधू नये. आयोडीनच्या बाटल्या कात टाकण्यासाठी म्हणून खपवल्या जातात. पाणी वेळेवर बदलले जात असेल तर त्यांची गरज नाही.

सगळे बरोबर करूनही कोळंबी टिकत नसेल तर तांब्याचा संशय घ्यावा. माशांना पूर्वी तांब्याचे औषध दिले असेल तर ते खडकांत आणि वाळूत मुरलेले असते आणि हळूहळू बाहेर येत राहते. माशाला न कळणारी मात्रा कोळंबीला मारते. खारे पाणी कालवायला तांब्या-पितळेची भांडीही अर्थातच नकोत.

प्रवाळाचे गणित वेगळे आहे. इथे मऊ प्रवाळांचाच विचार केला आहे: झोअँथिड, मशरूम, लेदर. क्षारतेचा फरक किरकोळ असेल तर तापमान जुळवून पाऊण तासात ते काम संपते. खरी जोखीम दोन ठिकाणी असते, बरोबर येणाऱ्या पाहुण्यांत, म्हणजे प्रवाळावर लपून आलेल्या उपद्रवी जीवांत, आणि दिव्यात.

पाहुण्यांसाठी डिप, म्हणजे औषधी पाण्यातली बुडी. टाकीतलेच पाणी भांड्यात घेऊन त्यात प्रवाळासाठीचे तयार द्रव बाटलीवरच्या प्रमाणात मिसळावे, प्रवाळ पाच ते दहा मिनिटे त्यात ठेवावे आणि सुई काढलेल्या ५० मिली सिरिंजने फटींतून जोरात पाणी मारावे. झोअँथिड खाणाऱ्या गोगलगाई त्यांच्याच रंगाच्या असतात, खाली पडेपर्यंत दिसत नाहीत. मग दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळावे. अंडी डिपने मरत नाहीत. खालच्या बाजूला पांढरी वळणदार रांग दिसली तर ब्लेडने खरवडावी आणि आठवड्याने डिप पुन्हा द्यावा. विक्रेत्याने दिलेला प्लग (प्रवाळ ज्यावर चिकटवलेले असते ती छोटी बैठक) जमल्यास काढूनच टाकावा, कारण काचेसारखे दिसणारे तण-अॅनिमोन बहुतेक त्याच्यावरच येतात. कोळंबीला चुकूनही डिप देऊ नये.

झोअँथिड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्यातल्या पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असू शकते. ते जखमेतून आणि डोळ्यांतून अंगात जाते. ओहोटीला आपल्याकडच्या कातळावर तपकिरी-हिरव्या बटणांचे जे थर दिसतात, तीही याच कुळातली. असे थर असलेला दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात टाकणे किंवा वाळल्यावर ब्रशने घासणे जिवावर बेतू शकते. वाफेतून विषबाधा होऊन अख्खे घर रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत.

दिव्याचे नुकसान सावकाश होते, म्हणून कळत नाही. विक्रेत्याकडे मंद उजेडात असलेले प्रवाळ घरच्या तेजस्वी एलईडीखाली वरच ठेवले की त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि आठवड्याभरात ते पांढरे पडते. म्हणून पहिली जागा तळाशी, कडेला. दिवा नेहमीच्या ४० टक्क्यांवर आणून आठवड्याला १० टक्क्यांनी वाढवावा. दिवा कमी करता येत नसेल तर मच्छरदाणीच्या जाळीचे तीन थर त्याखाली ताणावेत आणि दर आठवड्याला एक काढावा. मशरूम दगडाला चिकटेपर्यंत जाळीच्या डबीत ठेवावे, नाहीतर पंपाच्या तोंडी सापडते. लेदर प्रवाळ आठवडा-दोन आठवडे मिटून बसते आणि अंगावर मेणचट साय धरते. तो त्याचा स्वभाव आहे. प्रवाह थोडा वाढवला की साय निघून जाते. रोज उचलून वास घेत बसल्याने मात्र ते नक्कीच मरेल.

पाण्याविषयी थोडक्यात. समुद्र दाराशी आहे म्हणून जुलैत किनाऱ्यावरून पाणी भरू नये. खाडीच्या मुखाशी त्या दिवसांत क्षारता खूप खाली असते आणि गाळ असतो. भरायचेच तर मेमध्ये, पूर्ण भरतीला, जेटी आणि गटारापासून लांब. मग झाकलेल्या खाद्यदर्जाच्या ड्रममध्ये दोन-तीन आठवडे अंधारात ठेवून, गाळून, मोजून वापरावे. मिठागरातले खडे मीठ कालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियमचे उरलेल्या कडवट पाण्याबरोबर सोडून दिले जातात. हाती येते ते जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड. शिरोड्याचे मीठ १९३० च्या सत्याग्रहाने इतिहासात गेले, पण टाकीत जाण्याच्या ते उपयोगाचे नाही.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रात फांद्याफांद्यांचे कठीण प्रवाळ होते. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. अनुसूची एकच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे तुरुंगवास आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ चे. तिथून मऊ प्रवाळ किंवा साधा दगडही उचलता येत नाही. पुरवणीत पुन्हा असे छायाचित्र छापताना ही नावे शेजारी चौकटीत द्यावीत, आणि मऊ प्रवाळ घेतानाही दुकानदाराकडून जातीच्या नावासह बिल मागावे, एवढे त्यात जोडावे.

आपले,
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक,
रत्नागिरी