रेडिएटर फॅनचे चुकीचे निदान व अनावश्यक सुटे भाग बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : जुन्या गाडीच्या रेडिएटर फॅनच्या दुरुस्तीत मोजणी न करता भाग बदलल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या गाडीच्या रेडिएटर फॅनचे जे काम झाले, त्याबद्दल मी ही लेखी तक्रार करत आहे. पंख्याची मोटर आणि रेडिएटरवरचा टेम्परेचर स्विच हे दोन्ही भाग कोणतीही मोजणी न करता बदलण्यात आले आणि त्यांचे पैसे घेण्यात आले. गाडी तरीही तापत राहिली, तेव्हा मला रेडिएटर बदलण्याचा लेखी सल्ला देण्यात आला. प्रत्यक्षात दोष या तिन्हींपैकी कशातच नव्हता. तो फॅन रिलेच्या (लहान प्रवाहाच्या मदतीने मोटरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) सॉकेटमधल्या एका जळालेल्या पिनेत होता, आणि साध्या मल्टिमीटरने तो सापडला.

गाडी प्रथम सोपवली तेव्हाच मी जॉब कार्डवर स्पष्ट लिहवून घेतले होते की मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, गाडी कोंडीत उभी राहिली की तो वर चढू लागतो आणि पुन्हा वेग घेतला की खाली येतो. माझ्या मते निम्मे निदान या एका नोंदीतच होते. धावत्या गाडीत समोरचा वारा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून जातो, उभ्या गाडीत मात्र तो वारा केवळ पंख्यालाच ओढावा लागतो. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा थर्मोस्टॅट (इंजिनातले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धवट उघडून अडकला असता, तर गाडी वेगात आणि चढावर आधी तापली असती. तसे एकदाही झाले नाही, आणि हेही मी सांगितले होते. जॉब कार्डवर ग्राहकाने सांगितलेली लक्षणे लिहून घ्यायची आणि काम करताना ती वाचायचीच नाहीत, हे मला सर्वांत अधिक खटकले.

त्याऐवजी गाडीला इंजिनाच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडण्यात आला आणि त्यात एकही फॉल्ट कोड नसल्याने कूलिंगमध्ये दोष नाही असे मला सांगण्यात आले. या निष्कर्षाला माझा ठाम आक्षेप आहे. माझ्या गाडीच्या वायरिंग आकृतीनुसार पंख्याचे सर्किट इंजिनाच्या संगणकातून जातच नाही. रेडिएटरमधले पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की टेम्परेचर स्विच जोडला जातो, त्याने रिलेच्या कॉइलला वीज मिळते आणि रिले बॅटरीचा प्रवाह थेट मोटरकडे सोडतो. जे सर्किट संगणकाला दिसतच नाही, त्याचा दोष स्कॅनरवर दिसणार कसा? आपल्याच कंपनीने बनवलेल्या जुन्या मॉडेलबद्दल एवढी माहिती आपल्या अधिकृत तंत्रज्ञांकडे असावी, अशी अपेक्षा वाजवी आहे.

पुढच्या वेळी पंखा फिरताना मला दाखवण्यात आला. रिलेचा टक् असा आवाज होतो, फ्यूज शाबूत आहे, पंखा फिरतो आहे, म्हणजे वीजपुरवठा ठीक आहे, असा तो युक्तिवाद होता. त्यातली तिन्ही निरीक्षणे खरी होती आणि निष्कर्ष मात्र चुकीचा होता. टक् आवाजाने कॉइल काम करते एवढेच कळते, ज्या संपर्कांतून मोटरचा मोठा प्रवाह जातो त्यांची अवस्था त्यावरून समजत नाही. फ्यूज उडतो तो प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तर. खराब जोडामुळे प्रवाह उलट कमी होतो, त्यामुळे असा दोष फ्यूज कधीच दाखवत नाही. आणि पंखा फिरणे म्हणजे तो पुरेशा वेगाने फिरणे नव्हे. तो एकदा सुरू झाला की बंदच होत नव्हता, कारण मंद वेगात त्याला पाणी थंड करणे जमत नव्हते. मी हे त्याच वेळी निदर्शनास आणून दिले होते.

यावर मोटर अशक्त झाली आहे असे ठरवून नवी मोटर बसवण्यात आली, आणि फरक न पडल्याने नंतर टेम्परेचर स्विचही बदलण्यात आला. स्विच बदलण्याआधी फक्त एसी चालू करून पाहिला असता तरी पुरे होते. माझ्या गाडीत एसी लावला की स्विचची वाट न पाहता त्याच रिलेतून पंखा चालू होतो, आणि तो तेव्हाही तितकाच मंद फिरत होता. म्हणजे स्विच निर्दोष होता आणि बिघाड त्याच्या पुढे, रिले आणि मोटर यांच्या दरम्यान होता. ही तपासणी करायला एक बटण दाबण्यापलीकडे काहीही लागत नाही.

रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळाल्यावर मी गाडी एका स्वतंत्र ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्याने पंखा चालू ठेवून, कनेक्टर न काढता, मोजमाप घेतले. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते आणि मोटरच्या टोकांवर केवळ 10.6. मोटरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जेमतेम 0.1 व्होल्ट पडत होता, म्हणजे अर्थिंग चांगले होते. पॉझिटिव्ह बाजूला मात्र एकट्या रिले सॉकेटवरच सुमारे 3 व्होल्ट नाहीसे होत होते. सॉकेट उलटा केल्यावर मोटरकडे प्रवाह नेणारी 87 क्रमांकाची पिन काळवंडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळलेले दिसले. हेच माप कनेक्टर काढून घेतले असते तर पूर्ण व्होल्टेज दिसले असते, कारण प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडतच नाही. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मीटर लावला होता की नाही हे मला कोणी सांगितले नाही, आणि जॉब कार्डवर एकही आकडा नाही.

हा प्रश्न केवळ पैशांचा असता तर मी इतक्या तपशिलाने लिहिले नसते. पंखा 12 अँपिअर घेत असेल आणि एका पिनेवर 3 व्होल्ट पडत असतील, तर त्या एवढ्याशा जागेत 36 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बॉनेटखाली प्लास्टिकच्या खोबणीत तापलेले सोल्डरिंग आयर्न खोचून ठेवल्यासारखेच. अशा अवस्थेत गाडी दुरुस्त झाल्याचे सांगून माझ्या हाती देण्यात आली. शिवाय काटा वारंवार लाल पट्ट्याजवळ जात राहिला. अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड अतिउष्णतेने वाकू शकते, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधले सील) निकामी होऊ शकते, आणि तो खर्च या पिनेच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. नवा सॉकेट, नवी पिन आणि नवा रिले बसवल्यावर मोटरला 13.5 व्होल्ट मिळू लागले. आता पंखा ठरल्या तापमानाला सुरू होतो आणि थोड्या वेळात स्वतःहून बंदही होतो. आपण काढून टाकायला सांगितलेला रेडिएटर आजही तोच आहे.

तक्रार घेऊन मी परत गेले तेव्हा “गाडी जुनी आहे, असे होणारच,” हे उत्तर मला सर्व्हिस अॅडव्हायझरकडून मिळाले. गाडी जुनी आहे हे मला मान्य आहे. पण जुन्या गाडीत वायरिंगचे जोड गंजतात, सैल होतात आणि तापतात, हे माहीत असल्यावर तपासणीची सुरुवात त्या जोडांपासून व्हायला हवी होती. गाडीचे वय हे महागडा भाग आधी बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी बसवलेले भाग नीट बसवले आहेत. आक्षेप आहे तो न मोजता भाग बदलण्याचा निर्णय देणाऱ्या पद्धतीला.

यास्तव माझी मागणी आहे की मोटर आणि टेम्परेचर स्विच यांची किंमत व त्यांची मजुरी मला परत मिळावी, आणि माझे काढलेले मूळ भाग मला देण्यात यावेत, जे मागूनही आजवर मिळालेले नाहीत. रेडिएटर बदलण्याचा सल्ला कोणत्या तपासणीच्या आधारे दिला याचा लेखी खुलासा व्हावा. गाडी या काळात अनेकदा तापली असल्याने कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट आणि कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत आहेत का याची तपासणी आपण विनामूल्य करून द्यावी, आणि तिचा निकाल आकड्यांसह लेखी द्यावा. याखेरीज, पंख्याच्या प्रत्येक तक्रारीत पंखा चालू असताना मोटरच्या टोकांवर मिळालेले व्होल्टेज जॉब कार्डवर नोंदवल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, अशी सूचना आपल्या सर्व केंद्रांना द्यावी. ही मागणी माझ्या पैशांइतकीच मला महत्त्वाची वाटते, कारण याच मॉडेलच्या अनेक गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांतल्या रिलेच्या पिनाही तितक्याच जुन्या झाल्या आहेत.

दोन्ही बिले, जॉब कार्ड, रेडिएटरबाबतचा लेखी सल्ला, इलेक्ट्रिशियनने नोंदवलेली मापे आणि जळालेल्या सॉकेटची छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडत आहे. मूळ सॉकेट माझ्याकडे जपून ठेवला असून आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यास तो माझ्या उपस्थितीत पाहता येईल, मात्र लेखी पोच घेतल्याशिवाय मी तो ताब्यात देणार नाही. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने पुढे जावे लागेल.

आपली विश्वासू,
वाहनमालक
(नाव, वाहन क्रमांक व संपर्क सोबतच्या जॉब कार्डवर नमूद आहे)