लोकर एकत्र करा, पण हिशेब धुतलेल्या वजनाचा ठेवा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केल्यामुळे छोट्या मेंढपाळांविषयी सध्या बरेच लिहिले जात आहे. त्या लेखनात एक सूचना हमखास असते, ती म्हणजे लोकर मातीमोल भावाने विकण्यापेक्षा मेंढपाळांनी ती एकत्र करून तिची ब्लँकेटे बनवावीत. सूचना योग्य आहे. मात्र ती करणारे बहुतेक जण आकर्षक वेष्टन, ब्रँडचे नाव आणि ऑनलाइन विक्री यांविषयीच भरभरून बोलतात. लोकरीच्या प्रतवारीच्या कामाशी काही वर्षे संबंध आल्यामुळे मला असे वाटते, की अशा उपक्रमाचे भवितव्य त्याच्या फार आधी, लोकर पहिल्यांदा वजनकाट्यावर येते तेव्हाच, ठरत असते.

एकत्र येण्याची गरज कशातून निर्माण होते, हे आधी पाहू. अनेक देशांत जाड्याभरड्या लोकरीची किंमत मेंढी कातरण्याच्या मजुरीइतकीही येत नाही. तरीही उष्णता आणि त्वचेवर होणाऱ्या माश्यांच्या प्रादुर्भावापासून जनावराला वाचवण्यासाठी कातरणी टाळता येत नाही. वीस मेंढ्यांचा कळप आणि मेंढीमागे दोन किलो लोकर धरली, तर मेंढपाळाच्या हाती वर्षाला चाळीस किलो न धुतलेली लोकर पडते. धुण्यात तिच्यातील चिकटा, घाम आणि माती निघून गेल्यावर चोवीस-पंचवीस किलो उरते, पिंजताना, कातताना आणि विणताना आणखी काही वाया जाते, आणि अखेरीस सुमारे दोन किलो वजनाची जेमतेम दहा ब्लँकेटे होतात. एवढ्याशा मालासाठी मोठी गिरणी पिंजणयंत्र साफ करून वेगळा घाणा लावत नाही, कारण तिला एका प्रतीची काहीशे किलो लोकर एकाच वेळी हवी असते. छोट्या गिरण्या थोडा माल घेतात खऱ्या, परंतु त्यांचा किलोमागचा खर्च जास्त असतो. दहा-पंधरा कळपांची लोकर एकत्र आल्याशिवाय हे गणित सुटत नाही.

त्यातही ब्लँकेटाची निवड शहाणपणाची आहे. तंतू साधारण तीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की तो त्वचेला टोचू लागतो, म्हणून अंगालगतच्या कपड्यांसाठी मेरिनो जातीच्या मेंढ्यांसारखी तलम लोकरच लागते. ब्लँकेट मात्र चादरीवरून पांघरता येते, त्यामुळे मध्यम आणि काहीशी जाड लोकरही त्यात खपते. ते विणून झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात मळून घट्ट करतात आणि वर लव उठवतात, त्या प्रक्रियेत सुताचा थोडाफार ओबडधोबडपणाही झाकला जातो. काळी, करडी, तपकिरी लोकर बाजारात कमी भावाने जाते, कारण तिच्यावर हवा तो रंग चढत नाही. तीच वेगवेगळी ठेवली, तर रंगवण्याच्या खर्चाशिवाय पट्ट्यापट्ट्यांची देखणी ब्लँकेटे तयार होतात. अर्थात हे सारे लोकर मुळात चांगली ठेवली असेल तरच.

आता मूळ मुद्दा. बहुतेक गट लोकर आणली त्या वजनावर वाटा ठरवतात, कारण तो हिशेब सर्वांत सोपा असतो. समजा, दोघांनी प्रत्येकी पन्नास किलो लोकर आणली. पहिल्याने कातरणीआधी मेंढ्या कोरड्या ठेवल्या होत्या, पोटाखालची आणि शेणाने माखलेली लोकर काढून टाकली होती, गोखरू व कुसळे वेचली होती. त्याची लोकर धुतल्यावर पस्तीस किलो भरली. दुसऱ्याने सारे एकाच पोत्यात कोंबले होते. त्याची पंचवीस किलो भरली. आणलेल्या वजनाप्रमाणे दोघांना सारखाच वाटा मिळतो, म्हणजे पहिल्याच्या पाच किलो स्वच्छ लोकरीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. पहिला मेंढपाळ भांडत नाही. तो पुढच्या वर्षी चांगली लोकर दुसरीकडे विकतो आणि गटाकडे उरलेली पाठवतो. चार जणांनी असे केले की ब्लँकेटाचा दर्जा घसरतो, आणि मग सगळे मिळून गिऱ्हाइकाला दोष देतात.

यावर उपाय अवघड नाही. मोठ्या बाजारांत लोकरीच्या गाठींत नळी खुपसून नमुना काढतात आणि तो धुऊन स्वच्छ लोकरीचे प्रमाण काढतात. छोट्या गटाला प्रत्येकाच्या ढिगातून ठिकठिकाणची मिळून किलोभर लोकर घेता येईल, ती जाळीच्या पिशवीत घालून साबणाच्या गरम पाण्यात भिजवता येईल (चोळायची नाही, नाहीतर तंतू एकमेकांत गुंतून तिचा नमदा होतो) आणि पूर्ण वाळल्यावर तिचे वजन करता येईल. प्रयोगशाळेइतकी अचूकता त्यात नसेल, पण सर्वांसमोर आणि सर्वांसाठी एकाच पद्धतीने केले तर ते सर्वांना मान्य होते. त्या प्रमाणाला प्रतीनुसार भाव लावावा आणि सभासदाला त्याच दिवशी पावती द्यावी. प्रतवारी करणारी व्यक्ती शक्यतो त्या गटातील मेंढपाळ नसावी, असेही मी आग्रहाने म्हणेन. नात्यागोत्यात कोणाची लोकर नाकारणे भल्याभल्यांना जमत नाही.

काही नियम कातरणीच्या आधीच सांगितलेले असावेत. त्यांत सर्वांत महत्त्वाचा नियम प्लॅस्टिकच्या सुतळीविषयीचा आहे. चाऱ्याच्या गाठी बांधायच्या पॉलिप्रॉपिलिनच्या दोरीचे धागे एकदा लोकरीत मिसळले की ते धुण्याने निघत नाहीत, रंग घेत नाहीत आणि एका निष्काळजी सभासदामुळे सगळा घाणा वाया जाऊ शकतो. मेंढ्यांवर खुणेसाठी लावलेला न धुतला जाणारा रंग आणि पांढऱ्या लोकरीत शिरलेले काळे केस हेही असेच त्रासदायक असतात. साठवणीचेही भान हवे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे वरवर सुकी वाटणारी लोकर बंद प्लॅस्टिकमध्ये भरली की आतून कुजते.

भावाच्या हमीविषयी मात्र सावध राहावे. ऑस्ट्रेलियात लोकरीला ठरावीक किमान भाव देण्याची योजना बाजारभाव कोसळल्यावर १९९१मध्ये बंद करावी लागली, तेव्हा सुमारे ४७ लाख गाठी गोदामांत पडून होत्या आणि तो साठा संपायला २००१ साल उजाडले. उलट ब्रिटनमध्ये १९५०मध्ये स्थापन झालेली लोकर उत्पादकांची संस्था आजही लोकर गोळा करते, तिची प्रतवारी करते, लिलावात विकते आणि खर्च वजा जाता येणारी रक्कम प्रतीप्रमाणे वाटते. ब्रिटिश मेंढपाळ तिच्या भावावर खूश असतात असे नाही, तरीही विक्री झाल्यावरच खरी किंमत ठरवण्याचे तिचे तत्त्व छोट्या गटांनी उचलण्याजोगे आहे. लोकर देताना थोडी उचल द्यावी आणि उरलेली रक्कम ब्लँकेटे विकली गेल्यावर द्यावी.

यातून भांडवलाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गिरणीत नंबर लागण्यापासून तयार माल हाती येईपर्यंत कित्येक महिने जातात, गिरणीची मजुरी मात्र माल उचलतानाच द्यावी लागते. लोकर गिरणीला विकण्यापेक्षा मजुरी देऊन आपल्याच लोकरीची ब्लँकेटे परत घेणे मला श्रेयस्कर वाटते, कारण मूल्यवाढीचा मोठा हिस्सा तिथे आहे. पण त्यासाठी लागणारी रक्कम छोट्या मेंढपाळाकडे नसते. ज्या सरकारांना आणि संस्थांना मदत करायची आहे त्यांनी प्रदर्शनांच्या मांडवावर खर्च करण्याऐवजी या मजुरीपुरते अल्पमुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज आणि प्रतवारीसाठी एक प्रशिक्षित माणूस द्यावा. ज्यांना रोख रकमेऐवजी वाट्याची ब्लँकेटे घ्यायची असतील, त्या सभासदांना तीही मुभा असावी. म्हणजे गटाला सगळा माल एकट्याने खपवावा लागणार नाही आणि मजुरीचा काही भार ते सभासद आपण होऊन उचलतील.

आपला विश्वासू,
एक वाचक