घरात वस्तू आहे, पण ती चालते का?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरोघरी उपकरणे वाढली म्हणजे खेड्यातले जगणे सुधारले, असे आकडेवारीच्या आधारे नेहमी सांगितले जाते. आकडे खोटे नाहीत. २००१ च्या जनगणनेत देशातील १८.९ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे टीव्ही होता, तो २०११ मध्ये ३३.४ टक्के कुटुंबांकडे आला. फोन असलेली ग्रामीण कुटुंबे तर याच दशकात ३.८ टक्क्यांवरून ५४.३ टक्क्यांवर गेली. रेडिओ तेवढा ३१.५ टक्क्यांवरून १७.३ टक्क्यांवर घसरला.

मात्र त्या जनगणनेत फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि कूलर यांची विचारणाच झाली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कूलरची नोंद होते, पण ती एसीसोबत एकाच रकान्यात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या विदर्भाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, कारण एसीला केवळ वीज लागते, तर कूलरला विजेसोबत पाणीही लागते आणि उन्हाळ्यात गावात नेमके तेच नसते. नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येत असेल, तर कूलरच्या टाकीत बादली रिकामी करायची की ती स्वयंपाकासाठी ठेवायची, हे घरातील बाईला रोज ठरवावे लागते. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे एकदम सुरू झाले की व्होल्टेज इतके उतरते की पंखा कसाबसा फिरतो, पण पंप पाणी वर चढवीत नाही. कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्या कोरड्या पडतात आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर गरम वारा येत राहतो. सर्वेक्षकाच्या कागदावर या घरापुढे ‘आहे’ अशीच खूण होणार.

फ्रिजचेही तेच. कापसाचे पैसे हाती आले की हप्त्यावर फ्रिज घेतला जातो, कॉम्प्रेसर जळाला की दुरुस्ती परवडत नाही आणि पुढे त्यात डाळीचे डबे ठेवले जातात. हप्ते मात्र सुरूच राहतात. (मोबाइलची गोष्ट वेगळी, तो थोड्या विजेवर चार्ज होतो, त्याचा प्रसार इतका झपाट्याने होण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.)

१ मार्च २०२७ ही संदर्भतारीख असलेल्या जनगणनेचे आकडे पुढे येतील, तेव्हा त्यांवरून पुन्हा निष्कर्ष काढले जातील. त्याआधी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने विदर्भातील खेड्यांत एप्रिल-मे महिन्यांत स्वतंत्र पाहणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कूलर आणि एसी वेगळे मोजावेत. वस्तू चालू आहे की बंद, संध्याकाळी ती चालविण्याइतके व्होल्टेज मिळते का, कूलरसाठी पाणी कोठून आणावे लागते आणि वस्तूचे हप्ते फिटले आहेत का, एवढे प्रश्न त्यात असावेत. ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी.

आपला विश्वासू,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ