स्कापा फ्लोला जाताय? आधी पाणी किती गार ते विचारा

मा. संपादक,

मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानात स्कूबा शिकलेली आपली मंडळी आता स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांत, स्कापा फ्लो या बेटांनी वेढलेल्या खाडीत बुडालेल्या युद्धनौका पाहायला जायचं म्हणतात. ब्रिटनमध्ये नोकरीला असलेले मराठी तरुण तर हमखास. हौस उत्तम आहे, पण चौकशी बहुतेक वेळा ‘जहाज किती खोल आहे?’ इथूनच सुरू होते. आधी पाणी किती गार आहे ते विचारावं. एप्रिलमध्ये ते ७ अंशांच्या आसपास असतं आणि सप्टेंबरमध्ये फार तर १३-१४. सामान, हवेचा हिशेब, सराव, सगळं त्यावरून ठरतं.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी रिअर अॅडमिरल फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनीच ती बुडवायला घेतली. ५२ तळाला गेली. पुढे बहुतेक भंगारासाठी वर काढली गेली. मोठ्यांपैकी सात उरली: क्योनिग, मार्कग्राफ व क्रोनप्रिंझ विल्हेल्म या तीन बॅटलशिप (सर्वांत अवजड युद्धनौका) आणि ब्रुमर, क्योल्न, ड्रेस्डेन व कार्लस्रुहे या चार क्रूझर (त्यांहून हलक्या, वेगवान युद्धनौका). बॅटलशिप वरच्या तोफांच्या भाराने उलथून पालथ्या पडल्या आहेत. त्यामुळे वरून दिसतो तो नुसता तळाचा पत्रा. तोफा पाहायच्या तर कडेने ३५ मीटरच्याही खाली उतरावं लागतं. क्रूझर कुशीवर पडल्या आहेत आणि नवख्याला त्याच जास्त समजतात. म्हणून आठवडाभराच्या सहलीची सुरुवात कार्लस्रुहेने करावी, साधारण २५ मीटर. मार्कग्राफ, जवळजवळ ४५ मीटर, शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवावी.

अंगाला पाणी लागू देणारा वेटसूट इथे चालत नाही, पाणी आत न घेणारा ड्रायसूटच हवा. त्याच्या आत हवा असते, आणि डोकं खाली-पाय वर झालं की ती पायांत जाऊन माणूस बुचासारखा वर खेचला जातो. त्यातून सावरायची सवय स्कापाच्या पहिल्या डाइव्हला लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आधी लेस्टरशरच्या स्टोनी कोव्हसारख्या खाणीतल्या तळ्यात निदान दहा-बारा डाइव्ह त्याच सूटमध्ये, त्याच जाड हातमोज्यांत कराव्यात. पाणी आत येतं ते मानेच्या आणि मनगटाच्या रबरी पट्टीतून. पट्टीखाली केसाची एक बट, मंगळसूत्र, साखळी किंवा मनगटावरचा दोरा अडकला तरी धार लागते, आणि ७ अंशांत भिजलेला माणूस वर येतानाचे, अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून घ्यायचे थांबे नीट पाळू शकत नाही. पट्टी फार घट्ट असली तर मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन घेरी येते. ती घरीच पाण्याचा दाब नसताना घालून तपासावी आणि लागेल तेवढीच, एकेक कडं करून कापावी.

दुसरा धोका रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडात देणारं उपकरण, गोठण्याचा. टाकीतली दाबाखालची हवा पसरताना गार होते, फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरचा टाकीला जोडलेला भाग) बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभस सुटते. काही मिनिटांत टाकी रिकामी. युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी म्हणजे थंड पाणी. रेग्युलेटरवर ‘१० अंशांहून जास्त’ अशी खूण असेल तर तो इथे आणूच नये. बोटीवर गार वाऱ्यात ‘चालतोय का’ म्हणून श्वास घेऊन पाहू नये, हवा एकदम सोडणारं पर्ज बटण दाबू नये. सूट आणि तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट एकाच वेळी फुगवू नये.

म्हणूनच एका टाकीवर जाण्याला माझा विरोध आहे. हिशेब पाहा. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो. ३५ मीटरवर दाब ४.५ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या साडेचारपट, म्हणून तिथे मिनिटाला ९० लिटर. जोडीदाराची हवा संपली आणि दोघे घाबरून प्रत्येकी ३० लिटरने श्वास घेत असले, तर तळाशी दोन मिनिटं, वर येणं आणि ६ मीटरवर तीन मिनिटं थांबणं, यालाच सुमारे १५०० लिटर लागतात. १५ लिटरच्या टाकीत तो १०० बारचा साठा झाला, तो हात न लावता राखायचा. मग भरलेल्या टाकीच्या २३० बारमधून हाती उरतात जेमतेम वीस मिनिटं. १२-१२ लिटरच्या दोन टाक्यांची जोडी, दोन रेग्युलेटरसह, घेतली तर तोच साठा ६२ बारमध्ये बसतो, आणि एक रेग्युलेटर गोठलाच तर त्याची झडप बंद करून दुसऱ्यावर श्वास घेता येतो. मात्र जाड कपड्यांत खांद्यामागे हात पोहोचतो का, हे किनाऱ्यावरच पाहावं. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घ्यायचा तर ३२ टक्के ऑक्सिजनचा ३३ मीटरपर्यंत, २८ टक्के ४० मीटरपर्यंत. त्याखाली एवढा ऑक्सिजन विषारी ठरू शकतो, म्हणून मार्कग्राफच्या तळाशी दोन्ही नकोत.

शंभर वर्षांच्या पत्र्याच्या आत, खास प्रशिक्षणाशिवाय, शिरू नये. गाळ उठला की दिशाच कळत नाही. ही सातही जहाजं संरक्षित वास्तू आहेत, एक खिळासुद्धा उचलायचा नाही. जवळच १९३९ साली टॉर्पेडोने बुडालेली ब्रिटिश बॅटलशिप रॉयल ओक आहे. तिच्यात आठशेहून अधिक माणसं गेली. ती युद्धसमाधी आहे, तिथे परवान्याशिवाय डाइव्ह करणं गुन्हा. नावाड्याला त्यासाठी गळ घालू नये.

ऑर्कनीतल्या स्ट्रोमनेस बंदराहून निघणाऱ्या डाइव्हच्या बोटी बहुतेक शनिवार ते शनिवार ठरतात. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅब्स्टरहून फेरीने तिथे दीड तासात पोहोचता येतं. प्रवासविमा घेताना डाइव्हच्या खोलीची मर्यादा वाचावी, पुष्कळ पॉलिसी ३० मीटरवर थांबतात. आणि आठवडाभर रोज दोन डाइव्ह झाल्यावर निदान २४ तास विमानात बसू नये. परतीचं तिकीट रविवारी संध्याकाळचं काढावं.

— एक स्कूबा प्रशिक्षक, पुणे