बाबा, बाँडवर सही करू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "पेपरात रोज वाचतो, नर्सा मिळत नाहीत म्हणे. मग मामांची धाकटी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन घरी का बसलीय?" फोनवर सांगितलेलं या कानातून त्या कानात जातं, म्हणून लिहूनच पाठवते. धाकटीला वाचायला द्या. मामांना तर बसवून वाचून दाखवा.

वॉर्डात नर्स कमी आहेत हे खरंच. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिघांमागे एक, आयसीयूत एकाला एक. रात्रपाळीला कुठल्याही जनरल वॉर्डात डोकावा, मग कळेल हे किती पाळलं जातं ते. पण वॉर्डात माणूस कमी असणं वेगळं आणि जागा भरायला काढणं वेगळं. सरकारी जागा निघतात तेव्हा एकदम निघतात आणि मग मोठा खंड पडतो. खासगीत जागा उद्याही मिळेल, पण तालुक्याच्या गावात दहा-बारा हजारांवर बोळवण होते. म्हणून धाकटीचा प्रश्न "नोकरी कुठे आहे" हा नाहीच. पहिली नोकरी पगार बघून धरायची की पुढे मिळणारा अनुभवाचा दाखला बघून, हा आहे. माझं मत विचाराल तर दाखला.

आधी रजिस्ट्रेशन. तिचं जीएनएम विजयपूरचं. आपल्याकडच्या कितीतरी मुली फी कमी पडते म्हणून सीमेपलीकडे शिकतात. त्यात गैर काही नाही, पण काम दुप्पट होतं. आधी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागायला हवं. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे मुंबईच्या कौन्सिलकडे, नोंदणीचा अर्ज. त्यासाठी तिकडची एनओसी आणि पडताळणी लागते, आणि ती एका कौन्सिलकडून दुसऱ्याकडे जाते. मामा खिशात घालून आणू म्हणतील तर तसं चालत नाही. कॉलेजने फीच्या बाकीपायी मार्कशीट अडकवून ठेवल्या असतील तर अर्जच पुढे सरकत नाही, म्हणून आधी ती बाकी मिटवा. कर्नाटकातल्या कॉलेजांच्या मान्यतेवरून २०१७ मध्ये बराच वाद झाला होता, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. त्यामुळे बाहेरच्या राज्यात "तुझ्या कॉलेजला आयएनसीची (म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलची) मान्यता होती का" हे हमखास विचारतात. ती ज्या वर्षी दाखल झाली त्या वर्षीच्या मान्यतेच्या पत्राची झेरॉक्स कॉलेजमधून आत्ताच आणून ठेवायची. पाच वर्षांनी ते ऑफिस तिथेच असेल याची खात्री कोण देणार?

रजिस्ट्रेशन हातात नसताना हॉस्पिटलं ठेवून घेत नाहीत असं नाही. ठेवतात, "ट्रेनी नर्स" म्हणून. काम तेच, सलाइन तेच, रात्रपाळी तीच, पगार निम्मा. आणि दाखल्यावर "ट्रेनी" पडलं की पुढे तो काळ अनुभवात धरायचा की नाही यावर घोळ होतो. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांच्या दर्जाचं, मानांकन असलेल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रेशन तपासल्याशिवाय घेत नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. ज्यांना मानांकन नाही तिथे ही सूट असते, आणि ती सूट मुलीच्याच अंगाशी येते.

आता दाखल्याचं नीट वाचा, कारण इथेच सगळ्या फसतात. एम्सच्या भरतीची परीक्षा असते, नॉरसेट. पास झालं की केंद्राच्या वेतनश्रेणीतली लेव्हल ७, मूळ पगारच ४४,९०० रुपये. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना थेट बसता येतं. जीएनएमवाल्यांना डिप्लोमानंतर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आपल्या गावच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तिने चार वर्षं काढली तरी या परीक्षेसाठी ती शून्य. डॉक्टर ओळखीचे आहेत, घरून डबा जाईल, रात्री भाऊ सोडायला येईल, हे सगळं मान्य. पण ही चार वर्षं परत मिळत नाहीत, आणि नॉरसेटला खुल्या गटात वयाची मर्यादा ३० आहे. राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गाला ४३, म्हणून तिकडे घाई नाही. आधी एम्सचा विचार, मग राज्याचा. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं तर अनुभवाची अटच उरत नाही, तोही एक रस्ता आहे.

म्हणून सोलापूर, सांगली, पुणे, कुठेही असो, नोकरी धरताना पहिला प्रश्न: खाटा किती? आणि त्या कागदावर किती? बोर्डावर "१०० बेडेड" लिहिलेलं असतं आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावर चाळीस. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

सोडताना मिळणाऱ्या दाखल्यावर हे सगळं हवं: लेटरहेड, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, खाटांची संख्या, पद "स्टाफ नर्स", तिचा रजिस्ट्रेशन नंबर, रुजू तारीख, कार्यमुक्त तारीख, कोणत्या वॉर्डात किती महिने, सही आणि शिक्का. "टू हूम सो एव्हर" म्हणून तीन ओळींचं पत्र देतात, "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सियर". त्याचा काडीचा उपयोग नाही. तारखा "अंदाजे दोन वर्षे" अशा लिहिल्या तर तो कागद फेकून द्या आणि दुसरा मागा. शिवाय पगार रोखीत घ्यायचा नाही, बँकेत घ्यायचा. पीएफ कापत असतील तर देवच पावला. पासबुकात हॉस्पिटलचं नाव आणि महिने आपोआप नोंदले जातात, त्यावर कुणाला शंका घेता येत नाही.

आता बाबा, तुमचं काम. बरीच खासगी हॉस्पिटलं रुजू होताना दोन वर्षांचा बाँड करून घेतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. मधेच सोडलं तर अमुक हजार भरायचे. त्यावर जामीन म्हणून घरच्या पुरुषाची सही लागते. मामा कोर्टकचेरीला घाबरतात, म्हणून ते तुम्हालाच पुढे करणार, मला माहीत आहे. सही करू नका. आणि मूळ मार्कशीट, मूळ रजिस्ट्रेशन "ऑफिसात जमा करा" म्हणाले तर झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे. कागद अडकले की मुलगी अडकली. पुढे भरतीची जाहिरात आली तर कागदपत्र तपासणीला नेणार काय? आणि काही ठिकाणी पहिल्या महिन्याचा पगारही "डिपॉझिट" म्हणून ठेवून घेतात, तेही आधीच विचारायचं.

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी नर्सांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, शंभर ते दोनशे खाटांना फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरला २५ टक्के कमी, आणि पन्नासच्या खाली असलं तरी २०,००० च्या आत नाही. पण ती शिफारस आहे. धाकटीने मुलाखतीत ती वाचून दाखवली तर कुणी पगार वाढवणार नाही. आकडे माहीत असले की बोलताना निदान मान खाली जात नाही, एवढंच.

मुलाखतीत मुली इंग्रजीला घाबरतात आणि हिशेबात पडतात. समोर बसलेली मेट्रन विचारते: ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची आहे, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीला २० थेंब, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. ४१.६ येतात, म्हणजे ४२. सेट १५ थेंबांचा असेल तर ३१. लहान मुलांच्या मायक्रो सेटला एका मिलीला ६० थेंब. किंवा: व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीत, २ मिलीत ५०० मिलिग्रॅम आहे, ३७५ द्यायचंय, किती भराल? दीड मिली. आणि पोटॅशियम क्लोराइडचा प्रश्न येतोच: ते थेट शिरेत सोडतात का? कधीच नाही, बाटलीत मिसळून, हळू. थेट सोडलं तर हृदय थांबतं. एवढे चार प्रश्न पाठ नाही, समजून केले तरी ती निम्म्या मुलींच्या पुढे जाईल. रोज सकाळी बाबांनी तिला एक हिशेब घालावा. तुम्हाला पाढे अजून येतात.

नावाची भानगड आत्ताच मिटवा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कौन्सिलच्या कागदावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आणि तिच्यासाठी स्थळंही बघताय. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लगेच चढवलं की रजिस्ट्रेशन एका नावाचं आणि ओळखपत्र दुसऱ्या नावाचं होतं. नाव बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, मग राजपत्रात नाव, मग कौन्सिल, आणि आधार सगळ्यात शेवटी.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. राज्याच्या भरतीला चालणारं नॉन-क्रिमीलेयर केंद्राच्या परीक्षेला त्याच रूपात चालत नाही, केंद्राचा नमुना वेगळा असतो. तो तहसीलमधून वेगळा काढून घ्यायचा, आणि जाहिरातीतली शेवटची तारीख बघून. दाखला एक दिवस उशिराचा निघाला तर अर्ज खुल्या गटात धरतात.

कंत्राटी जागांना नाक मुरडू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानात पगार कमी आणि नेमणूक दरवर्षी नव्याने, पण अनुभव सरकारी दवाखान्याचा, आणि बाँड नाही.

राहिलं परदेश. मामांना कुणी एजंट भेटलाय, आखातात पाठवतो, चार लाख मागतोय, असं आई म्हणाली. मामांना जमिनीचा तुकडा विकू देऊ नका. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. २०१५ पासून आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या नर्सला सरकारच्या ई-मायग्रेटमधून मंजुरी घ्यावीच लागते, पासपोर्ट कसलाही असला तरी. "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बघू" म्हणणारा माणूस घरात घेऊ नका. शिवाय तिकडे कागद डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून तपासतात. ते लोक जुन्या हॉस्पिटलला पत्र लिहून विचारतात, ही मुलगी इथे होती का? हॉस्पिटलने उत्तरच दिलं नाही किंवा तारीख वेगळी सांगितली की अर्ज तिथेच अडकतो. म्हणजे पुन्हा तोच दाखला.

जर्मनीचं तिला सुचवून बघा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय, त्यात नर्सही आहेत. भाषा मात्र बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते, आणि ते सहा महिन्यांत होत नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी हा रस्ता नाही.

धाकटीला सांगा, तिच्या कर्नाटकच्या रजिस्ट्रेशनचा दोन्ही बाजूंचा फोटो, तिन्ही वर्षांच्या मार्कशीट आणि त्या एजंटाने दिलेला कागद मला व्हॉट्सॲपवर पाठव. रजिस्ट्रेशनच्या मागच्या बाजूला मुदतीची तारीख असेल तर ती ठळक दिसेल असा फोटो काढ. बघून मी मामांना स्वतः फोन करते.

आई, बाबांची बीपीची गोळी सकाळी चहाबरोबर नको, उठल्या उठल्या पाण्याबरोबर दे. मागच्या वेळी डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, ते विसरतात.

तुमची,
मोठी